बास्केटबॉलच्या दिग्गजांची कार्यक्षमता आकड्यांनी कशी तोलायची

अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या १९६१-६२च्या हंगामात सिनसिनाटी रॉयल्सच्या ऑस्कर रॉबर्टसनची सामन्यामागची सरासरी होती ३०.८ गुण, १२.५ रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू) आणि ११.४ असिस्ट (ज्यांतून थेट बास्केट झाली असे पास). तिन्ही रकान्यांत दोन अंकी सरासरी पुन्हा दिसायला २०१६-१७ उजाडलं. त्या वर्षी ओक्लाहोमा सिटी थंडरच्या रसेल वेस्टब्रुकने ३१.६ गुण, १०.७ रिबाउंड आणि १०.४ असिस्टची सरासरी राखली. दोघांची ट्रू शूटिंग टक्केवारी (सर्व प्रकारचे शॉट धरून गुण मिळवण्याची कार्यक्षमता, सूत्र पुढे आहे) काढली तर तीही दशांशापर्यंत सारखीच येते: ५५.४.

एवढ्यावरून दोघांना बरोबरीत सोडणं सोपं आहे. पण त्या काळच्या लीगची सरासरी समोर ठेवली की रॉबर्टसन खूप पुढे निघून जातो, आणि सामन्याच्या वेगाचा हिशेब केला की वेस्टब्रुक तितकाच पुढे जातो. दोन्ही उत्तरं खरी आहेत, कारण मुळात प्रश्न दोन आहेत. दिग्गजांच्या तुलनेतले बहुतेक वाद असे प्रश्न एकमेकांत मिसळल्याने होतात. म्हणून खालच्या पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने करा. मधलीच पायरी उचलली तर आकडा येईल, पण तो कशाचा आहे हे सांगता येणार नाही.

कागद उघडण्याआधी: काय मोजायचं आणि काय उपलब्ध आहे

एका ओळीत प्रश्न लिहून ठेवा. ‘गुण मिळवण्यात कोण जास्त कार्यक्षम?’ आणि ‘संघाला कोणाचा जास्त उपयोग झाला?’ यांची गणितं वेगळी आहेत. तुलना सर्वोत्तम एका हंगामाची, सलग तीन-पाच हंगामांची की पूर्ण कारकिर्दीची, हेही आताच ठरवा. नाहीतर आवडत्या खेळाडूला सोयीचा कालखंड नकळत निवडला जातो.

मग नोंदींचा इतिहास पाहा, कारण जे कधी मोजलंच गेलं नाही ते कोणतंही सूत्र परत आणू शकत नाही. एनबीएत खेळाडूंचे रिबाउंड १९५०-५१पासून आणि मिनिटं १९५१-५२पासून नोंदली जातात. स्टील (हिसकावलेले चेंडू), ब्लॉक (अडवलेले शॉट) आणि रिबाउंडची आक्रमक-बचावात्मक विभागणी १९७३-७४मध्ये आली, तर खेळाडूनिहाय टर्नओव्हर (गमावलेले चेंडू) १९७७-७८मध्ये. थ्री-पॉइंट रेषा, जिच्या बाहेरून टाकलेल्या शॉटला तीन गुण मिळतात, १९७९-८०ची. प्रत्येक खेळीची सविस्तर नोंद १९९६-९७पासून मिळते आणि सर्व मैदानांवर कॅमेऱ्याने खेळाडूंचा माग घेणं २०१३-१४पासून सुरू झालं.

याचा थेट परिणाम असा की बिल रसेल आणि विल्ट चेंबरलेन यांच्या नावावर एकही अधिकृत ब्लॉक नाही. रॉबर्टसनने किती चेंडू गमावले हेही कोणी सांगू शकत नाही. रिकाम्या रकान्यात शून्य टाकू नका, तो रिकामाच ठेवा. स्प्रेडशीटमध्ये ही चूक हमखास होते, कारण रिकामा रकाना बेरजेत आपोआप शून्य धरला जातो आणि १९६०च्या दशकातला सेंटर (रिंगजवळ खेळणारा खेळाडू) ‘बचाव न करणारा’ ठरतो.

प्रत्येक हंगामासाठी एक ओळ करा. तीत सामने, मिनिटं, गुण, फील्ड गोलचे (खेळ चालू असताना टाकलेल्या शॉटचे) प्रयत्न आणि यश, थ्री-पॉइंटर, फ्री थ्रोचे (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटचे) प्रयत्न आणि यश, रिबाउंड, असिस्ट, टर्नओव्हर यांची एकूण बेरीज लिहा. सामन्यामागच्या सरासरी उतरवून घेऊ नका. सरासरी आधीच गोल केलेली असते आणि पुढच्या प्रत्येक भागाकारात ती चूक वाढत जाते. बास्केटबॉल रेफरन्स या संकेतस्थळावर ही सगळी एकूण आकडेवारी खेळाडूच्या पानावर मिळते आणि लीगची सरासरी त्या-त्या हंगामाच्या पानावर.

पहिली पायरी: ट्रू शूटिंग

साधी फील्ड गोल टक्केवारी दोन ठिकाणी फसवते. थ्री-पॉइंटरला ती दोन गुणांच्या शॉटइतकंच मोजते आणि फ्री थ्रो तर मोजतच नाही. इफेक्टिव्ह फील्ड गोल टक्केवारीत प्रत्येक यशस्वी थ्री-पॉइंटरला दीडपट धरून पहिली त्रुटी भरून काढली जाते. ट्रू शूटिंग दोन्ही भरून काढते:

ट्रू शूटिंग = गुण ÷ [२ × (फील्ड गोल प्रयत्न + ०.४४ × फ्री थ्रो प्रयत्न)]

स्टीफन करीचा २०१५-१६चा हंगाम घ्या. गुण २३७५, फील्ड गोल १५९८ पैकी ८०५, त्यातले थ्री-पॉइंटर ४०२, फ्री थ्रो ४०० पैकी ३६३. साधी टक्केवारी ५०.४ येते. इफेक्टिव्ह काढताना (८०५ + २०१) ला १५९८ने भागा, ६३.० येतील. ट्रू शूटिंगसाठी ४००चे ०.४४ म्हणजे १७६, ते १५९८मध्ये मिळवले की १७७४ खरे प्रयत्न होतात. त्यांची दुप्पट ३५४८. २३७५ भागिले ३५४८ म्हणजे ६६.९ टक्के. तोच खेळाडू, तोच हंगाम, आणि ५०पासून ६७पर्यंतचा प्रवास फक्त मोजणीच्या पद्धतीमुळे झाला.

०.४४ हा गुणक कुठून आला? प्रत्येक फ्री थ्रो एक पझेशन (चेंडू संघाच्या ताब्यात असण्याची एक पाळी) खर्च करत नाही. फाउलनंतर दोन फ्री थ्रो मिळून एक पझेशन खर्च होतं, म्हणून प्रत्येकाचं वजन अर्धं असायला हवं. पण बास्केटसह मिळालेला एकच जादा फ्री थ्रो, टेक्निकल फाउलचा फ्री थ्रो आणि थ्री-पॉइंटरवरच्या फाउलचे तीन फ्री थ्रो यांमुळे सरासरी अर्ध्याच्या खाली उतरते. आधुनिक खेळात ती ०.४४च्या आसपास आहे. जुन्या खेळात मात्र ती आणखी कमी असणार, कारण १९८१पर्यंत ठरावीक मर्यादेनंतरच्या फाउलवर दोन फ्री थ्रो टाकायला तीन संधी मिळत. पझेशन तेवढंच, प्रयत्न मात्र जास्त. हे लक्षात ठेवा, शेवटी लागेल.

सूत्र बरोबर बसलं का हे तपासायला दोन जुने हंगाम चालवून पाहा. चेंबरलेन, १९६१-६२: ४०२९ गुण, ३१५९ फील्ड गोल प्रयत्न, १३६३ फ्री थ्रो प्रयत्न. उत्तर ५३.६ यायला हवं. मायकेल जॉर्डन, १९८७-८८: २८६८ गुण, १९९८ आणि ८६०. उत्तर ६०.३. आकडा १००च्या वर गेला तर दोनने गुणायचं राहिलं आहे. थोडाच चुकत असेल तर बहुधा फ्री थ्रोच्या प्रयत्नांऐवजी यशस्वी फ्री थ्रोचा रकाना घेतला गेला आहे.

दुसरी पायरी: त्या वर्षीच्या लीगशी मोजा

संपूर्ण कामातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच आहे आणि सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते तीही हीच.

१९६१-६२मध्ये लीगची सरासरी ट्रू शूटिंग ४७.९ होती. २०१६-१७मध्ये ती ५५.२ झाली होती. म्हणजे रॉबर्टसनचे ५५.४ त्याच्या काळच्या सरासरीपेक्षा ७.५ने वर होते, तर वेस्टब्रुकचे ५५.४ फक्त ०.२ने. शंभरच्या मापात मांडायचं तर खेळाडूच्या टक्केवारीला लीगच्या टक्केवारीने भागून शंभरने गुणा. रॉबर्टसन ११६, वेस्टब्रुक १००. आपल्या काळातल्या इतरांच्या तुलनेत एक विलक्षण कार्यक्षम होता, दुसरा साधारण.

लीगची टक्केवारी काढताना सगळ्या खेळाडूंच्या टक्केवारींची सरासरी घेऊ नका. हंगामात दहा शॉट टाकणारा आणि दोन हजार टाकणारा त्यात सारखाच मोजला जातो. लीगचे एकूण गुण आणि एकूण प्रयत्न घ्या आणि सूत्र एकदाच चालवा.

नुसता फरक मात्र पुरेसा नाही, कारण तो किती शॉटवर टिकवला हे त्यात दिसत नाही. म्हणून पुढचं सूत्र:

जादा गुण = खेळाडूचे गुण − (२ × खरे प्रयत्न × लीगची ट्रू शूटिंग)

म्हणजे तेवढेच प्रयत्न सरासरी खेळाडूच्या हाती दिले असते तर जेवढे गुण झाले असते, त्यापेक्षा याने किती जास्त केले. पाच गाजलेले हंगाम असे दिसतात:

| खेळाडू आणि हंगाम | ट्रू शूटिंग | लीग | फरक | जादा गुण | सामन्यामागे |
|---|---|---|---|---|---|
| विल्ट चेंबरलेन, १९६१-६२ | ५३.६ | ४७.९ | ५.७ | ४२८ | ५.४ |
| करीम अब्दुल-जब्बार, १९७१-७२ | ६०.३ | ५०.४ | ९.९ | ४६२ | ५.७ |
| मायकेल जॉर्डन, १९८७-८८ | ६०.३ | ५३.८ | ६.५ | ३११ | ३.८ |
| लेब्रॉन जेम्स, २०१२-१३ | ६४.० | ५३.५ | १०.५ | ३३५ | ४.४ |
| स्टीफन करी, २०१५-१६ | ६६.९ | ५४.१ | १२.८ | ४५६ | ५.८ |

जब्बार आणि जॉर्डन यांची ट्रू शूटिंग इथे एकच आहे, पण जादा गुणांत दीडशेचा फरक आहे. जब्बारच्या काळात थ्री-पॉइंटर नव्हता आणि लीग एकूणच कमी टक्क्यांनी शॉट टाकत होती. ‘दोघंही ६०.३’ असं म्हणून पुढे जाणाऱ्याच्या हातून ही सगळी माहिती निसटते.

शेवटचा रकाना मुद्दाम ठेवला आहे. १९६१-६२चा हंगाम ८० सामन्यांचा होता, १९९८-९९चा ५०, २०११-१२चा ६६ आणि २०२०-२१चा ७२. वेगवेगळ्या लांबीच्या हंगामांतले एकूण जादा गुण शेजारी ठेवले तर आखूड हंगामात खेळलेल्याचं नुकसान होतं.

एक बारकावा थ्री-पॉइंट रेषेचा. १९९४-९५ ते १९९६-९७ हे तीन हंगाम रेषा सगळीकडून २२ फुटांवर आणली होती. एरवी मधल्या भागात ती २३ फूट ९ इंचांवर असते. जॉर्डनने १९९५-९६मध्ये ४२.७ टक्के थ्री-पॉइंटर टाकले, त्याची कारकिर्दीची टक्केवारी ३२.७ आहे. त्या तीन वर्षांतली शूटिंग लीगशी ताडून पाहिल्याशिवाय कोणत्याही निष्कर्षात वापरू नये.

लीगमधला प्रसारही बदलतो. नऊ संघांच्या १९६१-६२च्या लीगमध्ये सरासरीपेक्षा ५ टक्के वर असणं आणि तीस संघांच्या लीगमध्ये तेवढंच वर असणं सारखं दुर्मीळ असेलच असं नाही. हे तपासायचं असेल तर त्या हंगामात किमान हजार मिनिटं खेळलेल्यांची यादी करा, त्यांच्या ट्रू शूटिंगचं प्रमाण विचलन काढा आणि खेळाडूचा फरक त्याने भागा. मिनिटांची अट घातली नाही तर यादीतले चार-पाच शॉट टाकणारे विचलन फुगवतात आणि सगळेच दिग्गज सपाट दिसू लागतात.

तिसरी पायरी: पेस

आता वेस्टब्रुकची बाजू. पेस म्हणजे सामन्याचा वेग, ४८ मिनिटांत प्रत्येक संघाला मिळणारी पझेशन. १९६१-६२मध्ये ती अंदाजे १२६.२ होती. २०१६-१७मध्ये ९६.४. शिवाय रॉबर्टसन ७९ सामन्यांत ३५०३ मिनिटं खेळला, वेस्टब्रुक ८१ सामन्यांत २८०२. संधीच कितीतरी जास्त होत्या.

त्यासाठी सगळं ७५ पझेशनच्या मापावर आणा. ७५ हा आकडा सोयीचा एवढ्यासाठी की आजचा मुख्य खेळाडू एका सामन्यात साधारण तेवढी पझेशन मैदानावर असतो, त्यामुळे उत्तर ओळखीचं वाटतं.

मैदानावरची पझेशन = मिनिटं ÷ ४८ × पेस

रॉबर्टसन: ३५०३ ÷ ४८ × १२६.२ = सुमारे ९२१०. वेस्टब्रुक: २८०२ ÷ ४८ × ९६.४ = सुमारे ५६२७. आता एकूण बेरजेला यांनी भागून ७५ने गुणा. रॉबर्टसनचे १९.८ गुण, ८.० रिबाउंड, ७.३ असिस्ट होतात. वेस्टब्रुकचे ३४.१ गुण, ११.५ रिबाउंड, ११.२ असिस्ट.

हा आकडा पाहून जुन्या खेळाडूंना मोडीत काढायची घाई नको. पहिलं म्हणजे, १९७३-७४पूर्वीचा पेस हा अंदाज आहे. पझेशन मोजायचं सूत्र फील्ड गोल प्रयत्न + ०.४४ × फ्री थ्रो प्रयत्न − आक्रमक रिबाउंड + टर्नओव्हर असं आहे आणि यातल्या शेवटच्या दोन गोष्टी तेव्हा वेगळ्या नोंदल्याच जात नव्हत्या. दुसरं, त्या लीगमध्ये शंभर पझेशनमागे सुमारे ९४ गुण होत, २०१६-१७मध्ये सुमारे १०९. म्हणजे रॉबर्टसनचा प्रत्येक गुण जास्त महाग होता. तिसरं, सामन्यामागे ४४ मिनिटं खेळणारा माणूस प्रत्येक पझेशनवर पूर्ण जोर लावूच शकत नाही. ३५ मिनिटं खेळणारा लावू शकतो. पझेशनमागचा दर जास्त विश्रांती मिळालेल्याला नेहमीच थोडा झुकतं माप देतो.

शक्य असेल तिथे लीगचा नव्हे, संघाचा पेस वापरा. २०१५-१६मध्ये लीगचा पेस ९५.८ होता, पण करीचा गोल्डन स्टेट वॉरियर्स ९९.३च्या वेगाने खेळत होता. करीच्या २७०० मिनिटांवर लीगचा पेस लावला तर ७५ पझेशनमागे ३३.१ गुण येतात, संघाचा लावला तर ३१.९. एका गुणाहून जास्त फरक. दिग्गजांच्या यादीत एवढ्याने दोन-तीन जागा सहज इकडच्या तिकडे होतात.

जादा गुणही असेच पझेशनवर आणता येतात. दोघांना लीगचा पेस लावून करीचे शंभर पझेशनमागे ८.५ होतात आणि चेंबरलेनचे ४.२. सामन्यामागच्या रकान्यात ते जवळजवळ शेजारी होते. चेंबरलेन ओव्हरटाइम धरून सरासरी ४८.५ मिनिटं मैदानावर असायचा, करी ३४च्या आसपास. दरात करी दुपटीने पुढे, पण संघाच्या गुणफलकावर पडलेला सामन्यामागचा एकूण परिणाम जवळपास तेवढाच. दोन्ही रकाने ठेवा आणि कोणता वापरतोय हे दरवेळी लिहा.

चौथी पायरी: भार

कमी शॉट आणि तेही रिंगखालून टाकणाऱ्याची टक्केवारी सुंदरच दिसते. २०१४-१५मध्ये डीआंद्रे जॉर्डनचे ७१ टक्के शॉट आत गेले, पण सामन्यामागे गुण ११.५. त्याचं काम दुसऱ्याने घडवलेली संधी पुरी करायचं होतं. बचाव फोडून संधी तयार करणाऱ्याच्या टक्केवारीशी ती ताडता येत नाही.

भार मोजायला यूसेज वापरतात. खेळाडू मैदानावर असताना संघाची किती टक्के पझेशन त्याच्या शॉटने, फ्री थ्रोने किंवा टर्नओव्हरने संपली, ते यात कळतं:

यूसेज = १०० × (खेळाडूचे खरे प्रयत्न + टर्नओव्हर) × (संघाची मिनिटं ÷ ५) ÷ [खेळाडूची मिनिटं × (संघाचे खरे प्रयत्न + टर्नओव्हर)]

पाच जण सारखा वाटा उचलत असतील तर प्रत्येकाचा यूसेज २०. वेस्टब्रुकचा २०१६-१७मधला ४१.७ होता. सरासरीइतकी कार्यक्षमता एवढ्या भाराखाली राखणं ही वेगळ्या प्रतीची गोष्ट आहे, म्हणून दुसऱ्या पायरीतल्या त्याच्या ०.२ या आकड्याला इथे थोडा न्याय मिळतो. व्यवहारात तुलना यूसेजच्या पट्ट्यांत करा: २० ते २५, २५ ते ३०, ३०च्या वर. वेगळ्या पट्ट्यांतले दोन खेळाडू थेट समोरासमोर आणू नका.

ट्रू शूटिंगमध्ये टर्नओव्हर नसतात. १९७७-७८नंतरच्यांसाठी गुणांना (खरे प्रयत्न + टर्नओव्हर) ने भागून पाहता येतं. करीचे २०१५-१६मध्ये २६२ टर्नओव्हर धरून १.१७ येतात, लेब्रॉनचे २०१२-१३मध्ये २२६ धरून १.१२, जॉर्डनचे १९८७-८८मध्ये २५२ धरून १.०९. यावर फार भिस्त ठेवू नका. मॅजिक जॉन्सनसारख्याचे टर्नओव्हर पास देताना होतात. त्यांचा दंड त्याच्या शूटिंगला लावायचा आणि त्याच पासांतून झालेले गुण मात्र सोडून द्यायचे, हा अन्याय आहे.

सगळं एका आकड्यात बसवणारी मापं

विश्लेषक जॉन हॉलिंजरचं पीईआर (प्लेअर एफिशियन्सी रेटिंग) बॉक्स स्कोअरमधल्या, म्हणजे सामन्याच्या खेळाडूनिहाय तक्त्यातल्या, जवळपास प्रत्येक नोंदीला वजन देतं, पेसनुसार दुरुस्त करतं आणि लीगची सरासरी दरवर्षी १५वर आणून ठेवतं. चेंबरलेन १९६१-६२, जॉर्डन १९८७-८८ आणि लेब्रॉन २००८-०९ या तिघांचं पीईआर ३१.७ आहे. पीईआरवरून यांच्यात क्रम लावायचा तर दुसऱ्या दशांशावर भांडावं लागेल, आणि त्यातल्या एकाच्या गणितात स्टील, ब्लॉक, टर्नओव्हर या नोंदीच नाहीत. हे माप ‘हा हंगाम सर्वोच्च पंक्तीतला आहे’ एवढं सांगण्यापुरतं वापरावं. त्याची मूळ खोड अशी की ते शॉटच्या संख्येवर मेहेरबान आहे. दोन गुणांचे शॉट जेमतेम तीस टक्क्यांच्या वर टाकणारासुद्धा आणखी शॉट मारत राहिला तर त्याचं पीईआर वाढतं.

विन शेअर्स हे बास्केटबॉल विश्लेषक डीन ऑलिव्हरच्या पझेशनवरच्या कामावर उभं आहे आणि संघाच्या विजयांची वाटणी खेळाडूंमध्ये करतं. सरासरी खेळाडूचा ४८ मिनिटांमागचा दर ०.१०० असतो. जब्बारचा १९७१-७२चा हंगाम इथे शिखरावर आहे: एकूण २५.४, दर ०.३४०. धोका असा की बचावाचा वाटा बराचसा संघाच्या एकूण बचावावरून ठरतो. बलाढ्य संघातल्या साध्या खेळाडूला तो फुकट मिळतो आणि दुबळ्या संघातल्या चांगल्या बचावपटूला मिळत नाही.

बॉक्स प्लस-मायनस डॅनियल मायर्सचं. शंभर पझेशनमागे सरासरी खेळाडूपेक्षा संघाला किती गुणांचा फायदा, असा त्याचा अर्थ. सरासरी शून्य. लेब्रॉनचा २००८-०९चा आकडा १३.२, निकोला योकिचचा २०२१-२२चा १३.७. हे माप १९७३-७४पासूनच काढता येतं, त्यामुळे चेंबरलेन आणि रसेल यात नाहीतच आणि जब्बारचे पहिले चार हंगामही नाहीत. ‘बॉक्स प्लस-मायनसनुसार सार्वकालिक यादी’ असं काही दिसलं तर ती १९७४नंतरची यादी आहे, एवढं समजून वाचा.

यातूनच व्हॉर्प, म्हणजे राखीव खेळाडूच्या तुलनेतलं मूल्य, निघतं. सहज मिळणाऱ्या राखीव खेळाडूची पातळी उणे २ धरतात, म्हणून बॉक्स प्लस-मायनसमध्ये २ मिळवून संघाच्या मिनिटांतल्या खेळाडूच्या वाट्याने गुणतात. लेब्रॉन २००८-०९: १३.२ + २ = १५.२. तो ३०५४ मिनिटं खेळला, ८२ सामन्यांची मिनिटं ३९३६, वाटा ०.७७६. उत्तर ११.८. आखूड हंगाम असेल तर सामन्यांना ८२ने भागून आणखी एकदा गुणावं लागतं. हे विसरलं की ५० सामन्यांचा हंगाम पूर्ण हंगामाइतका मोठा दिसतो.

पीईआर, विन शेअर्स आणि बॉक्स प्लस-मायनस या तिन्ही मापांची सरासरी काढून आणखी एक माप बनवण्याचा मोह होतो. टाळा. तिघांचा कच्चा माल तोच बॉक्स स्कोअर आहे, त्यामुळे एकाची चूक दुसरा झाकत नाही, उलट दुप्पट करतो. तिघांचा क्रम जुळला तर ठीक. जुळला नाही तर कोणत्या नोंदीमुळे जुळला नाही ते शोधा. खरी माहिती तिथे असते.

बचाव: जिथे हे सगळं अडखळतं

बिल रसेलने कारकिर्दीत ४४ टक्के फील्ड गोल आणि ५६ टक्के फ्री थ्रो टाकले. वरच्या दुसऱ्या पायरीत तो सामान्य ठरतो. तेरा हंगामांत अकरा विजेतेपदं ही मात्र सामान्य माणसाची कामगिरी नव्हे. १९६३-६४मधले त्याचे बचावाचे विन शेअर्स १६.० होते, आणि हा आकडासुद्धा बॉस्टन सेल्टिक्सच्या सांघिक बचावावरून मागे मोजत येऊन काढलेला आहे. रसेलसाठी प्रामाणिक मार्ग एकच: तो खेळत असताना, त्याच्या आधी आणि नंतर संघाने पझेशनमागे किती गुण दिले, हे लीगशी ताडून पाहणं. शूटिंगच्या तक्त्यात त्याला बसवूच नये.

१९९६-९७नंतरच्या खेळाडूंसाठी मैदानावर असताना आणि नसताना संघाच्या गुणफरकात काय बदल होतो ते पाहता येतं. एका हंगामाचा आकडा खूप हलतो, कारण ‘नसताना’ची मिनिटं थोडी असतात आणि ती राखीव खेळाडूंच्या दर्जावर अवलंबून असतात. किमान तीन हंगाम एकत्र केल्याशिवाय त्यावर बोलू नये.

कारकीर्द आणि प्लेऑफ

कारकिर्दीची ट्रू शूटिंग काढताना हंगामांच्या टक्केवारींची सरासरी घेऊ नका. सगळे गुण आणि सगळे प्रयत्न बेरीज करून एकदाच भागा. लीगशी फरक काढताना मात्र प्रत्येक हंगामाचे जादा गुण वेगळे काढून मग बेरीज करा, कारण वीस वर्षांच्या कारकिर्दीत लीग स्वतःच बदलते. उतरत्या वर्षांचं काय करायचं हा निवडीचा प्रश्न आहे. वॉशिंग्टन विझार्ड्सकडची दोन वर्षं जॉर्डनचे सगळे दर खाली ओढतात आणि एकूण बेरजा वाढवतात. म्हणून दर शिखराच्या वर्षांसाठी आणि बेरजा कारकिर्दीसाठी वापरणं बरं.

प्लेऑफ (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्या) नेहमी वेगळ्या शीटवर ठेवा. समोरचे संघ तिथे सरासरीपेक्षा चांगले असतात, पेस बहुधा उतरतो आणि एकाच प्रतिस्पर्ध्याशी सात सामने होऊ शकतात. जॉर्डनची नियमित हंगामांतली ट्रू शूटिंग ५६.९ आणि १७९ प्लेऑफ सामन्यांतली ५६.८. आकडा तसाच राहिला असं वरवर दिसतं. पण लीगच्या सरासरीऐवजी त्या प्रतिस्पर्ध्यांनी हंगामभर समोरच्यांना किती ट्रू शूटिंग दिली ते आधार म्हणून घेतलं, तर त्याचा फरक वाढलेला दिसतो. हे आधारमाप मालिकेनुसार काढा आणि खेळाडूच्या त्या मालिकेतल्या प्रयत्नांनी भारित करा. पंधरा-वीस सामन्यांच्या एका प्लेऑफवरून मात्र काही सिद्ध होत नाही. दोन वाईट रात्री पुऱ्या पडतात.

निष्कर्ष ताणून पाहा

क्रम लागला की गृहीतकं एकेक करून हलवा आणि क्रम टिकतो का बघा. पहिल्या पायरीतला ०.४४ घ्या. जुन्या नियमांमुळे १९६१-६२साठी तो ०.४० असायला हवा होता असं धरू. चेंबरलेनचे खरे प्रयत्न ३७५९वरून ३७०४वर येतात, ट्रू शूटिंग ५४.४ होते. पण लीगलाही तोच गुणक लावावा लागतो. सामन्यामागे ११८.८ गुण, १०७.७ फील्ड गोल प्रयत्न आणि ३७.१ फ्री थ्रो प्रयत्न या लीगच्या सरासरीवरून तिची टक्केवारी ४८.५ होते. इथे एवढ्यापुरत्या सामन्यामागच्या सरासरी चालतात, कारण वर-खाली दोन्हीकडे भाग एकाच संख्येने गेलेला आहे. चेंबरलेनचे जादा गुण ४२८चे ४३८ होतात, सामन्यामागे ५.४चे ५.५. करी ५.८वर आहे तिथेच. गुणक बदलूनही क्रम हलला नाही, म्हणजे सामन्यामागच्या जादा गुणांत करी चेंबरलेनच्या पुढे हे विधान लिहायला हरकत नाही.

जब्बार आणि करी यांच्याबद्दल तसं लिहिता येणार नाही. जब्बारच्या प्रयत्नांची दुप्पट ४६८२ आहे. लीगची सरासरी ५०.४ऐवजी अर्ध्या टक्क्याने जरी वेगळी धरली तर त्याचे जादा गुण २३ने बदलतात आणि दोघांमधलं सहा गुणांचं अंतर त्यात कुठल्या कुठे जातं. तक्त्यात या दोघांना एकाच क्रमांकावर ठेवा.